जीपगाडीचे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पुसू नये, असे आपल्याकडे जुने लोक सांगत आले आहेत. या दोहोंच्या पंक्तीस जीपगाडीलाही बसवावयास हरकत नाही, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. निमित्त एका सरकारी नियमाचे झाले. २०२१ च्या जुलै महिन्यात मध्यवर्ती सरकारने मोटारविषयक नियमांत भर घालून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या खाजगी गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंद व निराळी नंबरपाटी मिळण्याची सोय केली. सोय चांगली आहे. परंतु तीस एक अट जोडलेली आहे. गाडी आपल्या मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिची चेसी, बॉडी किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही ती अट. नियम लिहिणाराच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या पागेशेजारी झाकून ठेवलेल्या रोल्स-रॉइस गाड्या असाव्यात, असे दिसते. त्यांना ही अट शोभते. पण जी गाडी जन्मभर चिखलात, नाल्यात आणि मिस्त्रीच्या हातात राहिली, तिचे 'मूळ स्वरूप' कोणते? हा प्रश्न वरकरणी कारकुनी दिसतो खरा. परंतु त्याचे एक टोक धरून ओढू लागले, की ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास उलगडत येतो.

आरंभापासूनच पाहू. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन फौजांनी फ्रान्स पादाक्रांत केला, त्यात त्यांच्या जलद यांत्रिक दळांचा वाटा मोठा होता. ते पाहून अमेरिकेच्या युद्धखात्याने हलक्या, चारही चाकांस गती मिळणाऱ्या टेहळणीच्या गाडीसाठी १३५ कारखानदारांकडे विचारणा केली. मुदत इतकी तोकडी होती, की बहुतेकांनी नाद सोडला. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम नावाच्या, दिवाळे निघण्याच्या बेतात असलेल्या लहानशा कंपनीने मात्र कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यास पाचारण केले. त्याने थोडक्या दिवसांत आराखडे काढले, आणि ४९ दिवसांच्या मुदतीत, २३ सप्टेंबर १९४० रोजी, पहिली गाडी मेरीलँडमधील होलाबर्डच्या लष्करी तळावर नेऊन उभी केली. युद्धखाते प्रसन्न झाले. पण एवढ्या लहान कारखान्याच्या हातून हजारो गाड्या निघतील, यावर त्याचा विश्वास बसेना. म्हणून त्याने तेच आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांस दाखविले. विलीजने आपले साठ अश्वशक्तीचे एंजिन दिले. फोर्डने सपाट बॉनेट दिले, तसेच पुढची ठोकून काढलेली पोलादी जाळी दिली; तीच आज जीपची मुखमुद्रा समजली जाते. महायुद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. जिने मूळ कल्पना केली त्या बँटमच्या वाट्यास तीन हजार गाड्याही आल्या नाहीत. तिला मागे जोडण्याच्या ढकलगाड्या करण्याचे काम देऊन वाटेस लावण्यात आले.

पुढे विलीजने 'जीप आम्हीच निर्माण केली' अशा जाहिराती काढल्या, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४३ मध्ये तिच्यावर तक्रार गुदरली आणि १९४८ साली निकाल विलीजच्या विरुद्ध गेला. तरीसुद्धा १९५० साली 'जीप' या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद विलीजलाच मिळाली! नावाचे कूळही असेच संशयित आहे. कोणी ते 'जी-पी' या दोन आद्याक्षरांवरून काढतात. कोणी १९३६ साली पॉपायच्या चित्रमालेत अवतरलेल्या 'यूजीन द जीप' या विलक्षण प्राण्याकडे बोट दाखवितात. भाषाशास्त्रज्ञांनी या वादात पडावे. आपल्या मराठीने मात्र 'गाडी' या शब्दाच्या ओढीने तिला बिनतक्रार स्त्रीलिंगी करून टाकले आणि पुढे ट्रॅक्स म्हणा, सुमो म्हणा, उंच चाकांच्या सर्वच गाड्यांस खेड्यापाड्यांत 'जीप' हे एकच नाव दिले. व्यापारचिन्हाचा कायदा वेशीबाहेरच राहिला.

तात्पर्य, ज्या गाडीला आपण मूळ म्हणतो ती जन्मतःच तिघांची होती. ती हिंदुस्थानात आली तीही सरळ वाटेने नव्हे. १९४४ च्या इंफाळ-कोहिमाच्या रणांगणात आणि ब्रह्मदेशाच्या मोहिमेत आपल्या शिपायांनी ती प्रथम हाताळली. जखमींना वाहून नेण्यासाठी ती वापरली गेली, इतकेच नव्हे, तर चाके बदलून रुळांवरून डबे ओढण्याचे कामही तिने केले. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्या डिस्पोजलच्या मालात निघाल्या. त्या सुमारास युद्धकाळी वॉशिंग्टन येथे हिंदी सरकारच्या पुरवठा-मंडळाचे प्रमुख असलेले के. सी. महिंद्र आणि त्यांचे बंधू जे. सी. महिंद्र यांनी मलिक गुलाम महंमद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ रोजी पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. तिचे नाव 'महिंद्र अँड महंमद'. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीच्या नावात दुसरा महिंद्र आला. १९४९ साली सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या ७५ विलीज जीप मुंबईत माझगाव येथे जोडण्यात आल्या, आणि १९५४ पासून कांदिवलीस त्यांचे रीतसर उत्पादन सुरू झाले.

याच काळात लंडन येथील आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी केलेला सुमारे ८० लाख रुपयांचा जीपखरेदीचा करार गाजला. बरेचसे पैसे आगाऊ गेले आणि पदरात पडल्या १५५ गाड्या! स्वतंत्र हिंदुस्थानचा पहिला मोठा आर्थिक गवगवा जीपच्या नावे व्हावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९५५ साली सरकारने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले.

कांदिवलीची जी जीप आपल्या देशाने ओळखली तिचे बॉनेट उंच होते. नव्या एंजिनाच्या आत-वाल्व्हांची जागा डोक्यावर गेल्यामुळे एंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट त्यावर कसेबसे उचलून बसवावे लागले. अमेरिकेतील शौकिनांनी या नमुन्यास कुरूप म्हटले व १९६८ साली तेथे तो बंदही पडला. आपल्याकडे तो पुढे कित्येक वर्षे चालू राहिला, आणि आमच्या पिढीच्या मनात जीप म्हणजे तीच उंच कपाळाची गाडी होय.

तिचा पहिला खरा मालक सरकार. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली, गटविकास अधिकाऱ्याच्या हाती जीप आली. १ मे १९६२ पासून आपल्या राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि सभापतींच्या दारीही ती उभी राहू लागली. (गांधीजींच्या जन्मदिवसाशी या गाडीचा काय ऋणानुबंध आहे कोण जाणे! कंपनीची स्थापना, समाजविकास योजना, आणि २०२० साली आलेली नवी 'थार' या तिन्हींचा दिवस २ ऑक्टोबरच.) देवीची लस, हिवतापाची फवारणी, कुटुंबनियोजन, लेव्हीची ज्वारी, जंगलखात्याची धाड, निवडणुकीचा कर्णा, हे सर्व वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यांत जीपमधूनच उतरले. गावच्या पांढरीत धुळीचा लोट दिसला, की पोरे धावत पुढे येत आणि काही मोठी माणसे मागच्या दाराने शेताकडे जात. सरकार म्हणजे काय, हे पुष्कळांनी प्रथम या गाडीच्या आवाजावरून ओळखले.

लष्कराची कथा आमच्या प्रांताशी अधिक निगडित आहे. १९५६ पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते त्याच प्रांतातील जबलपूरच्या कारखान्यात जपानच्या निसान पेट्रोल गाडीवरून 'जोंगा' तयार होऊ लागली. ही निसानची गाडी १९५१ साली प्रथम निघाली तीच मुळी अमेरिकन जीपच्या धर्तीवर. म्हणजे अमेरिकेचे बीज जपानात रुजले आणि त्याचे कलम नर्मदातीरी लागले. सहा सिलिंडरांची ही धिप्पाड गाडी १९९९ पर्यंत तेथे होत राहिली, आणि सैन्याने लिलावात काढलेल्या जोंगा पुढे नागपूरकडील हौशी लोकांनी घेतल्या. त्यांचे पेट्रोल पिणे पाहून बहुतेकांनी पहिल्या वर्षातच एंजिन बदलले, हे सांगावयास नको.

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आणि ट्रॅक्टरवरचे डिझेल एंजिन जीपमध्ये बसविण्याची टूम कारखान्यानेच काढली. पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीचे डिझेल एंजिन परवान्यावर आले. कारखान्याने जे केले तेच गल्लीतल्या मिस्त्रीने आपल्या परीने केले. पेट्रोलचे एंजिन काढून ट्रॅक्टरचे बसविणे, फाटलेल्या चेसीस पाटी मारणे, पाट्यांची संख्या वाढविणे, ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात न शिकता शेकडो लोकांनी हस्तगत केली. याच विद्येवर विदर्भातील 'काळी-पिवळी' उभी राहिली. जेथे एस.टी. दिवसातून एकदाच जाई, तेथे कमांडर नाहीतर ट्रॅक्स दहा जणांच्या जागी वीस जण घेऊन, टपावर कोंबड्यांच्या टोपल्यांसह, दर तासाला जाऊ लागली. यांतील बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकांस गती देणारी योजनाच नव्हती, ही गोष्ट आमच्या मते फार महत्त्वाची आहे. युद्धखात्याने जो गुण अवश्य म्हणून मागितला होता तो लोकांनी अनवश्यक म्हणून सोडून दिला. त्यांना हवी होती ती उंच, मजबूत आणि कोठेही दुरुस्त होणारी गाडी.

त्यात शहाणपण होते, याचा अनुभव आम्हांस आहे. १९९८ साली एका सरकारी खात्याने निकालात काढलेली १९६९ ची जीप आम्ही लिलावात घेतली. बॉडी कांदिवलीची, एंजिन ट्रॅक्टरचे, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा आणि पुढचा आस लष्करी भंगारातला, अशी ती होती. चारही चाकांस गती देणारा दांडा तिला होता व त्याचा आम्हांस अभिमानही होता. या योजनेचे मर्म असे, की वळताना पुढची व मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत. भुसभुशीत जमिनीत चाक थोडे घसरून तो फरक भरून निघतो, टणक सडकेवर मात्र तो ताण सर्व यंत्रावर पडतो. म्हणून सडक लागली की दांडा मागे घ्यावा लागतो. हे सर्व आम्ही जाणत होतो. पण भाद्रपदातली काळी कपाशीची जमीन काही जाणत नाही. वर्धा जिल्ह्यात एका पांदणीत चारही चाके मातीचे गोळे होऊन फिरू लागली. शेवटी एका शेतकऱ्याने आपली बैलजोडी लावून आम्हांस बाहेर काढले. त्याची रेंगी त्याच वाटेने सुखरूप गेली.

त्या जीपच्या नोंदणीपुस्तकात एंजिन-बदलाच्या दोन नोंदी, खात्याचे नाव, लिलावाची तारीख, सारे लिहिलेले आहे. व्हिंटेजच्या नियमाप्रमाणे तिला काही स्थान नाही. प्लूटार्कने सांगितलेली थीसियसच्या जहाजाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असेल. कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्यावर जहाज तेच राहिले काय, यावर अथेन्सचे पंडित भांडत बसत. आपल्याकडे हा वाद कोणी घातला नाही. कारण आपल्यापाशी 'जीर्णोद्धार' हा शब्द होता. वेरूळचे घृष्णेश्वराचे देऊळ अहिल्याबाईंनी पुन्हा बांधविले म्हणून कोणी त्यास दुसरे देऊळ म्हणत नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली पुष्कळ देवळांवर सिमेंट व तैलरंग यांचा अत्याचार झाला, हे आम्ही नाकारीत नाही. पण न हाताळलेली वस्तू तेवढी खरी, ही समजूत ज्यांच्या घरी वस्तू न वापरता ठेवण्यास जागा होती त्यांची आहे. येथील जीपला तो मान मिळालाच नाही. ती जगली ती बदलत राहिली म्हणूनच.

या मूळपणाचा हट्ट व्यापारात कोठवर जातो, हेही पाहण्यासारखे आहे. २०१८ साली महिंद्र कंपनीने अमेरिकेत, मिशिगनमध्ये, 'रॉक्सर' नावाची शेतावर चालविण्याची गाडी काढली. ती उघडउघड त्याच जुन्या विलीजच्या वंशातली. तेव्हा जीप हे नाव ज्यांच्याकडे हातोहात आले होते त्या फियाट-क्रायस्लर कंपनीने आपले रूप चोरल्याची तक्रार केली, आणि २०२० साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने रॉक्सर दोषी ठरविली. मुखडा बदलल्यावर त्याच वर्षी तिला मोकळीक मिळाली. त्याच फियाट-क्रायस्लरने आधीच्या वर्षी, २०१७ साली, पुण्याजवळ रांजणगाव येथे 'जीप' या नावाची मोटार काढण्यास आरंभ केला होता. अशा प्रकारे कायद्याने जीप नव्हे ती गाडी सत्तर वर्षे आपल्याकडे जीप होती, आणि कायद्याने जीप आहे तिच्याकडे पाहून खेड्यातले पोर जीप म्हणणार नाही.

आमच्या रामदासपेठेत सांप्रत या जातीच्या गाड्यांस तोटा नाही. दवाखान्यांच्या रांगांपुढे, सिमेंटच्या गुळगुळीत रस्त्यावर, मनगटाएवढ्या खोल नक्षीचे टायर चढविलेल्या थार उभ्या असतात. त्यांच्या मालकांस हसण्याचे कारण नाही. घोडा न बसताही लोक घोड्यांच्या पागा ठेवीत. खऱ्या कामावरची जात पाहावयाची असेल तर ताडोबाला जावे. तेथे २०१९ पर्यंत बनत असलेल्या मारुती जिप्सी आजही प्रवाशांस घेऊन जंगलात हिंडतात. त्यांचे मालक व चालक पुष्कळदा शेजारच्याच गावांतले, आणि त्या गाड्यांची आसने, टप, पायऱ्या, सारे चंद्रपूरकडील कारागिरांनी नव्याने बसविलेले.

आमची चिंता निराळी आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सर्व सरकारी गाड्यांची नोंद रद्द करण्याचा नियम अंमलात आला. हवेच्या दृष्टीने तो योग्यही असेल. पण तहसील, पंचायत समिती, जंगलखाते व आरोग्यकेंद्रे यांच्या आवारात कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या जीप त्यामुळे भट्टीकडे निघाल्या आहेत. एका नियमाने त्या जुन्या म्हणून बाद, दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या म्हणून बाद. गाड्या सर्व राखता येणार नाहीत, हे आम्हांस समजते. निदान दर जिल्ह्यातील एक तरी, तिच्या बदललेल्या एंजिनासकट व मारलेल्या पाट्यांसकट, उभी ठेवावी. आणि गाडीबरोबर तिची लॉगबुके रद्दीत घालू नयेत. कोणत्या तारखेस कोणता अधिकारी किती मैल, कोणत्या गावी, कशासाठी गेला, हे त्यांत चालकांच्या हस्ताक्षरात लिहिलेले आहे. आमच्या जीपबरोबर आलेल्या एका वहीत १९७२ च्या दुष्काळातील पानेच्या पाने आहेत. बहुतेक नोंदी 'खडी फोडण्याचे काम, पाहणी' एवढ्याच आहेत, आणि एका ओळीपुढे मैलांच्या रकान्यात लिहिले आहे : 'नाल्यापर्यंत. पुढे पायी.'