स्क्रबरच्या मनोऱ्याची कुळकथा

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. रसायने आणि औषधांचा कच्चा माल करणाऱ्या कारखान्यांत शेडच्या मागे बहुधा एक गोल, उभा मनोरा असतो. पायाशी पंप, बाजूला ब्लोअर, माथ्यावर चिमणी. हा स्क्रबर. आत खालून वायू चढतो, वरून पाणी किंवा कॉस्टिकचे द्रावण पडते आणि वायूतले आम्ल त्यात विरघळते. मनोरा कशाचा, असे विचारले तर कामगार ‘फायबरचा’ म्हणतो आणि खरेदी खाते ‘एफआरपी’ लिहिते. मालकाचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : किती गरम चालेल?

या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. का देता येत नाही, ते मनोऱ्याचे कूळ पाहिले की कळते. त्याची घराणी दोन. एक पाण्याचे, दुसरे रेझिनचे.

पाण्याचे घराणे जुने. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये साबण आणि काचेसाठी लागणारा सोडा लब्लांकच्या पद्धतीने करत. मिठावर गंधकाम्ल घातले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे आणि तो सरळ हवेत सोडला जाई. कारखान्याभोवतीची झाडे करपत, शेतकरी कोर्टात जात. १८३६ मध्ये विल्यम गॉसेज या कारखानदाराने मनोऱ्यात झाडझाडोरा भरून त्यावरून पाणी सोडले आणि वायूला त्या ओल्या पसाऱ्यातून जायला लावले. पाणी जितके पसरेल तितका वायू त्याला जास्त भिडतो, ही त्यातली खुबी. आज झाडोऱ्याच्या जागी प्लास्टिकच्या कड्या भरतात आणि त्यांना ‘पॅकिंग’ म्हणतात. तत्त्व तेच आहे. १८६३ च्या अल्कली कायद्याने हा वायू निदान ९५ टक्के तरी पकडलाच पाहिजे, असे बंधन घातले आणि मनोरा कारखान्याचा सक्तीचा भाग झाला.

अडचण भिंतीची होती. ओले हायड्रोक्लोरिक आम्ल लोखंड खाऊन टाकते. म्हणून पुढची शंभर वर्षे असे मनोरे दगडाचे, आम्लरोधक विटांचे, शिशाचे, लाकडाचे झाले. मग पोलादाला आतून रबराचे अस्तर लावायची रीत आली. अस्तराला कुठे टाचणीएवढे भोक पडले तरी आम्ल मागे शिरे आणि बाहेरून धडधाकट दिसणारे पोलाद आतून खलास होई.

दुसरे घराणे विसाव्या शतकातले. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बॅकेलाइट केले. एकदा तापवून घट्ट झाले की पुन्हा न वितळणारे हे पहिले संपूर्ण कृत्रिम प्लास्टिक. १९३० च्या दशकात कार्लटन एलिस या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने असंपृक्त पॉलिएस्टर रेझिनवर काम केले. हे रेझिन पातळ असते, कॅटलिस्ट घातला की काही मिनिटांत आवळते आणि त्याला मोठी भट्टी लागत नाही. त्याच दशकात, १९३२ मध्ये, ओहायोत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेचे ठोकळे जोडण्याची खटपट करत होता. हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि तिचे बारीक तंतू उडाले. त्यातून काचतंतूंचा धंदा उभा राहिला आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. दुसऱ्या महायुद्धात विमानावरच्या रडारला असे आवरण हवे होते की ज्यातून लहरी आरपार जातील. काचतंतू आणि पॉलिएस्टर यांची सोयरीक तिथे पक्की झाली. हीच जोडी म्हणजे एफआरपी.

सोलापूरकराला यातला निम्मा भाग सांगावा लागत नाही. वोव्हन रोविंग म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचे कापडच, चादरीसारखे मागावर विणलेले. फक्त सूत काचेचे. साच्यावर आधी पातळ काचपडदा, मग तुटक तंतूंची मॅट, मग हे कापड, असे थर रेझिनमध्ये भिजवत चढवायचे आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. आतल्या पहिल्या थरात रेझिन भरपूर ठेवतात, कारण आम्लाशी गाठ त्याची असते. वजन पेलायचे काम बाहेरच्या थरांतल्या काचेचे.

उष्णतेचा घोळ नेमका या जोडीत आहे. काच सुमारे ८४० अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडत नाही. रेझिन त्याच्या कितीतरी आधी हात टेकते. ते वितळत नाही, पण एका तापमानानंतर त्याचा ताठरपणा झपाट्याने जातो. ब्लोअर ओढत असताना वायू वाहून नेणाऱ्या डक्टच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. भिंत मऊ पडली की डक्ट आत चेपतो. काच शाबूत असते, पण तिला धरून ठेवणारे कोणी उरत नाही.

म्हणून १९५० नंतरचा या घराण्याचा इतिहास रेझिन अंशाअंशाने वर चढवण्याचा आहे. आधी साधे पॉलिएस्टर, मग आयसोफ्थॅलिक, बिसफिनॉल आणि क्लोरीनयुक्त जाती, १९६० च्या दशकात व्हिनिल एस्टर, पुढे नोवोलॅक व्हिनिल एस्टर. आयसोफ्थॅलिक आणि नेहमीच्या व्हिनिल एस्टरचे ‘हीट डिस्टॉर्शन टेम्परेचर’ शंभर अंशांच्या आसपास असते, नोवोलॅकचे दीडशेच्या आसपास. रेणूंच्या साखळ्यांत आडव्या गाठी जितक्या दाट, तितके रेझिन उष्णतेत ताठ राहते. मात्र दाट गाठींमुळे ते ठिसूळही होते, म्हणून नोवोलॅकसारखे महागडे रेझिन सगळीकडे वापरणे शहाणपणाचे नाही.

हीट डिस्टॉर्शनचा हा आकडा कसा काढतात, हेही पाहण्यासारखे आहे. काच नसलेल्या निव्वळ रेझिनची पट्टी तेलात ठेवतात, तिच्यावर ठरावीक भार टाकतात आणि तेल मिनिटाला दोन अंश तापवत नेतात. पट्टी पाव मिलिमीटर वाकली की ते तापमान टिपायचे. ही परीक्षा साधारण तासाभराची. मनोऱ्याला मात्र आम्ल, ओल आणि भार एकत्र सोसत वर्षानुवर्षे उभे राहायचे असते. म्हणून माहितीपत्रकातला आकडा हा चालवण्याचा आकडा नव्हे. शिवाय तो पूर्ण पिकलेल्या रेझिनचा असतो. साच्यातून काढल्यावर गरम हवा देऊन ‘पोस्ट क्युअर’ केले नाही, तर तेच रेझिन बरेच अंश आधी मऊ पडते. ॲसिटोनचा बोळा आतल्या बाजूला घासून चिकटपणा येतो का, हे पाहणारा तपासनीस हीच कसर शोधत असतो.

आणखी एक उलटी गोष्ट. पोलादी डक्टला उष्णतारोधक वेष्टण घालतात, म्हणून एफआरपीलाही घालावे असे वाटते. पण एफआरपीतून उष्णता फार सावकाश जाते. आतला पृष्ठभाग तापला तरी बाहेरचे थर त्यामानाने थंड राहतात आणि भार पेलतात. वेष्टण घातले की भिंत आरपार तापते आणि तो राखीव ताठरपणा संपतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला मिळणारा थंडावा आधीच बेताचा, त्यात हे वेष्टण.

महाराष्ट्रात ही दोन्ही घराणी एकत्र आली ती ठाणे-बेलापूरच्या बाजूला. फायबरग्लास पिल्किंग्टनचा काचतंतूंचा कारखाना ठाण्यात होता. मागणी तयार केली कायद्याने : १९७० मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, १९८१ मध्ये हवा कायदा, भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा. स्क्रबर दाखवल्याशिवाय मंडळाचे संमतिपत्र मिळेना, तेव्हा चिंचोळीसारख्या वसाहतींत फायबरचे मनोरे वाढले.

रसायनांच्या कारखान्यातला वायू बहुधा कोमट असतो. तिथे रेझिन निवडले की भागते. बॉयलर आणि भट्टीचा धूर दीडशे अंशांचा किंवा त्याहून गरम येतो. त्याच्यापुढे नोवोलॅकही टेकीला येतो. इथे जुने घराणे मदतीला धावते. मनोऱ्याच्या तोंडाशी धुरावर पाण्याचे फवारे मारतात. पाण्याची वाफ होताना ती धुरातली उष्णता ओढून घेते आणि धूर पन्नास-साठ अंशांवर येतो. या तापमानाला साधे रेझिनही सुखाने जगते.

हिशेब सोपा आहे. एक किलो धूर दीडशेवरून पंचावन्न अंशांवर आणायला सुमारे ४० ग्रॅम पाण्याची वाफ करावी लागते. एक टन कोळशातून साधारण बारा टन धूर निघतो. म्हणजे टनामागे अर्धा टन पाणी चिमणीतून वर जाते, ते परत मिळत नाही. किनाऱ्यावर याची काळजी नसते. टाटांच्या ट्रॉम्बे केंद्रात १९८० च्या दशकात धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुतला गेला. सोलापूरला समुद्र नाही, उजनी धरण आहे. शहराच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि फताटेवाडी-आहेरवाडीचे एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे केंद्रही उजनीवरच आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी गंधकाची मर्यादा ठरवली, नंतर मुदती वाढल्या आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना धूर धुण्याच्या यंत्रणेतून सूट मिळाली. लहान बॉयलरवाल्यांच्या मागचा स्क्रबर मात्र सुटलेला नाही.

धूर थंड ठेवणे असे पाण्यावर अवलंबून असल्यामुळे एफआरपीच्या अपघाताचे मूळ बहुतेकदा रेझिनमध्ये सापडत नाही. पंप बंद पडतो, वीज जाते किंवा पुनर्वापराच्या खारट पाण्याने नोझल बुजते. ब्लोअर चालूच राहतो, कोरडा धूर आत शिरतो आणि भिंत काही मिनिटांत मऊ होते. यावर उपाय महागडे रेझिन हा नाही. उंचावरची पाण्याची टाकी, जी वीज गेली तरी आपल्या वजनाने फवारा चालू ठेवील. तापमान मोजणारी दोन थर्मोकपल, म्हणजे एक फसले तरी दुसरे बोलेल. आणि तापमान चढताच भट्टी बंद करून धूर दुसरीकडे वळवणारा डॅम्पर.

दरपत्रक मागवताना सोलापूरच्या कारखानदाराने ‘किती अंश चालेल’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर टाकावा. पहिला प्रश्न असा असावा : पाणी बंद झाल्यावर मनोरा किती मिनिटे तग धरेल आणि तेवढ्या वेळात भट्टी कोण बंद करील? या प्रश्नाचे उत्तर लेखी देणारा पुरवठादारच दर ठरवायला बोलवावा.