वाद्यवृंद, तीन पेट्या आणि भाच्याचा फोन

परवा रात्री उज्जैनहून बहिणीचा फोन आला. तिला माधव नगरात दिली त्याला आता पंचवीस-तीस वर्षे होतील. फ्रीगंजला लागून असलेली ही वस्ती. मराठी घरे तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर माळव्याची हिंदी. बहीण म्हणाली, "दादा, याला पेटी घ्यायची आहे. कुठली घ्यावी ते तू सांग."

मला कोण आनंद झाला! म्हटले, कुमारजींच्या देवासपासून तासाभराच्या अंतरावर वाढलेला मुलगा अखेर गाण्याकडे वळला. मी लगेच जर्मन रीड, पॅरिस रीड, दोन सुरांची की तीन सुरांची, असे सुरू केले. तेवढ्यात भाच्याने आईच्या हातून फोन घेतला.

"मामा, ती पेटी नाही हो. आई काहीही सांगते."

त्याला हवे होते यंत्र. ढोल-ताशापासून बास-सिंथपर्यंत सगळे ज्याच्या पोटात आहे आणि ज्याला कॉम्प्युटर लागत नाही, असे यंत्र. त्याचे दुखणे असे की लॅपटॉपवर त्याने शेकड्याने गाणी सुरू केली आहेत आणि पूर्ण एकही नाही. "सोळा घरांचा एक तुकडा होतो मामा, मस्त होतो. मग तो फिरतच राहतो. पुढे काय, ते सुचत नाही. सुचलं तर लॅपटॉपवर दुसरंच काहीतरी उघडतो." बाजारात अशी डझनभर यंत्रे आहेत. सहा महिने तो त्यांचे व्हिडिओ बघतो आहे. पहिल्या नोकरीतले साठवलेले पैसे एकाच पेटीत जाणार, आणि ती चुकली तर पुन्हा घ्यायची ऐपत नाही.

मी म्हटले, दोन दिवस दे. तंत्रातले मला बेताचेच कळते. पण गाणे पुरे कोण करतो, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या सिनेसंगीतात तीस-चाळीस वर्षे आम्हां गोंयकारांनी दिले आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करावी असे वाटले.

सिनेमातले गाणे व्हायचे कसे, ते आधी सांगतो. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती दोन-तीन मिनिटांची सुरावट, बस्स. आधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मध्ये व्हायोलिने काय करतील, ट्रंपेट कुठे शिरेल, कुठे सगळ्यांनी गप्प बसायचे, हे ठरवणारा माणूस वेगळा असे. त्याला अरेंजर म्हणत. तो प्रत्येक वाजवणाऱ्याचा पार्ट स्टाफ नोटेशनमध्ये लिहून देई. आणि ते नोटेशन बघताक्षणी वाजवणारी माणसे कुठली? बहुतेक आमच्या गोव्याची. चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फ आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आलेली.

सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरला बँड चालवत, नंतर मुंबईत आले, आणि शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांतला तो भरदार व्हायोलिनांचा ओघ त्यांनी लिहिला. हळदोण्याचा चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, ट्रंपेट घेऊन उभा आहे. फ्रँक फर्नांड यांनी अरेंजिंग करता करता 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोकणी सिनेमेही काढले. पडद्यावर मात्र यांची नावे आली तर 'सहायक' म्हणून, नाही तर नाहीच. ही जुनी खंत आहे, इथे ती उगाळत नाही.

पण मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यावर थोडे थांबायला हवे. सिनेमातल्या गाण्यामुळे नाव सगळ्यांना माहीत. तो त्यांचा शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त केलेला नमस्कार होता. राहुलदेव बर्मनही त्यांच्याकडे शिकले. या गृहस्थांना दुसरेच वेड होते. आपले राग पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहायचे. सारंगात एक कंचेर्टो, तोडी थाटात व्हायोलिनचा एक. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात कार्यक्रम केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. खर्च पेलणारा नव्हता. काही वर्षांनी ते अमेरिकेला गेले, परत आले ते मजोर्ड्यात गप्प राहिले. २०१२ साली वारले.

ही तोडी लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

पेट्या तोवर आल्याच होत्या. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन आठवते ना? गारुड्यांनाही खरी वाटली ती. ती बीन नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाची एक छोटी विजेवरची पेटी होती, आणि ती वाजवत होते कल्याणजी. सत्तरच्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी सिंथेसायझर हाताळला. तिकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच भिंतीसारखा एक मूग सिंथेसायझर येऊन बसला होता. त्यावरच्या टेपा जवळजवळ पन्नास वर्षे कपाटात पडून राहिल्या. आणि आपल्या घरोघरच्या पेट्या? बंगळूरच्या जी. राज नारायण यांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि पुढे 'तालमाला' यांच्यावर किती मराठी घरांत रियाज झाला असेल! बटण दाबले की तीनताल, लय कमी-जास्त करायचा खटका बाजूला. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली आणि मग विकत घेतल्या. भाच्याला हे सांगितले पाहिजे की त्याच्या आजोबांच्या कपाटावर अशी एक पेटी आहे, आणि तिलाही कॉम्प्युटर लागत नाही.

आता मुंबईचे चरणजित सिंग. सिनेसृष्टीत बास, गिटार, ट्रान्झिकॉर्ड, काय पडेल ते वाजवणारे वादक. 'दम मारो दम'मधला ट्रान्झिकॉर्ड त्यांचा. लग्ना-पार्ट्यांत स्वतःचा बँडही चाले. ऐंशीच्या सुरुवातीला त्यांनी सिंगापूरहून रोलँड कंपनीची यंत्रे आणली. टीआर-८०८ हे तालाचे, टीबी-३०३ हे बासचे आणि ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर. पहिल्या दोन पेट्या एका तारेने जोडल्या की एकाच लयीत चालत. ज्युपिटरलाही ८०८ च्या ठोक्यावर आपोआप सूर फिरवायला लावता येई.

टीबी-३०३ हे खरे तर फसलेले यंत्र. गिटारवाल्याला घरी सराव करताना बासची साथ मिळावी म्हणून काढलेले. त्यात सूर एकदा भरायचे आणि काल दुसऱ्यांदा भरायचा, अशी उलटी रीत. आवाजही बास गिटारसारखा नाही. कंपनीने दोन-तीन वर्षांत बनवणे बंद केले. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ती घसरण ऐकली की आपल्या कानाला मींड आठवते. चरणजितना ती आठवलीच असणार, असे मी धरून चालतो.

त्यांनी काय केले? तबला बाजूला ठेवला. ८०८ वर डिस्कोचा ठेका लावला, ३०३ वर रागाच्या सुरांचा फिरता पट्टा भरला आणि वर ज्युपिटरवर हाताने राग वाजवला. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटे. ध्वनिमुद्रण दोनेक दिवसांत उरकले. १९८२ साली केलेली ही तबकडी एचएमव्हीने काढली आणि ती सपशेल पडली.

पुढे १९८७ साली शिकागोत 'फ्यूचर' या मंडळींनी त्याच टीबी-३०३ च्या कळा वेड्यावाकड्या फिरवून 'अॅसिड ट्रॅक्स' केले आणि अॅसिड हाउस नावाचा प्रकार जगभर गेला. चरणजितची तबकडी २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या मुलांनी डोक्याला हात लावला. पाच वर्षे आधी मुंबईत हे झाले होते! सत्तरी ओलांडलेले चरणजित मग तिकडे जाऊन वाजवूनही आले. २०१५ साली गेले. आपण अॅसिड हाउस शोधले वगैरे त्यांच्या मनातही नव्हते, आणि शिकागोच्या पोरांनी त्यांना ऐकलेही नव्हते. तेव्हा "जगाआधी भारताने" ही दवंडी मला पिटायची नाही.

मला त्यातली तोडी महत्त्वाची वाटते. १९५८ च्या सुमाराला गोन्साल्विसना तोडीसाठी वाद्यवृंद लागत होता, आणि प्रत्येक वादकाच्या पुढ्यात हाताने लिहिलेला कागद. १९८२ ला तीन पेट्या पुरल्या. ३०३ ची जागा सोळाच घरांची, म्हणजे भाच्याचेच दुखणे, तरी तुकडा पुरा झाला. का? चरणजितना 'पुढे काय' हे यंत्राला विचारावे लागत नव्हते. मंद्रात सुरुवात, हळूहळू वर, तार षड्‌जाला जाऊन परत, हा रस्ता रागानेच आखून दिलेला. खाली यंत्र फिरत राहते, वर माणूस चालत राहतो. आणि दोन दिवसांनी स्टुडिओ रिकामा करायचा असतो, हेही कारण काही कमी नाही.

गोव्यातही असेच एक उदाहरण घडले, आणि ते आम्ही 'हिप्पींचे' म्हणून सोडून दिले. हणजुण्याच्या किनाऱ्यावर रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांत उन्हाने वाकणाऱ्या तबकड्या कामाच्या नव्हत्या. म्हणून आधी कॅसेटी आल्या आणि नव्वदच्या दशकात डॅट, म्हणजे डिजिटल टेप. जगभरचे वादक आपापल्या घरी सिंथ आणि सिक्वेन्सर जोडून गाणे करत, ते डॅटवर उतरवत आणि टेप घेऊन गोव्याला येत. डॅटचा वेग सहसा मागेपुढे करता येत नसे. म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवणे अवघड. मग गाणी बांधणाऱ्यांनी सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांबलचक जागा ठेवायला सुरुवात केली, एक विरताना दुसरे वर यावे म्हणून. गोवा ट्रान्सची ती आळवल्यासारखी सुरुवात अध्यात्मातून आली असे पुष्कळ लोक मानतात. थोडी आली असेल. बरीचशी टेपरेकॉर्डरातून आली!

आमच्या वाड्यावर याच काळात मुंबईहून परतलेले एक व्हायोलिनवाले राहत. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. नव्वदच्या मध्यावर स्टुडिओत मोठे वाद्यवृंद बोलावणे जवळपास थांबले होते. एक कीबोर्डवाला आणि एक प्रोग्रामर बसला की साठ जणांचे काम होई. रात्री किनाऱ्यावरचा तो धमधम आवाज वाऱ्याबरोबर वाड्यावर यायचा. मास्तर चिडायचे नाहीत. एकदा एवढेच म्हणाले, "सूर बरोबर आहेत रे. पण त्यांना श्वास घ्यायला कोणी सांगितलं नाही." व्हायोलिनचा पार्ट लिहिताना गज कुठे वळवायचा, तेही लिहावे लागते ना.

तर दोन दिवसांनी भाच्याला फोन केला. त्याने यादी वाचून दाखवली. मी एकच विचारले, यातल्या कुठल्या पेटीत तुकड्यांपासून अख्खे गाणे मांडायची सोय आहे? हे वाटते तितके सरळ नाही. रॉजर लिन यांनी अकाईसाठी केलेल्या एमपीसी-६० मध्ये १९८८ सालीच ती होती, तुकडे एकापुढे एक लावून गाणे बनवायची. आवाज साठवायची जागा मात्र तेरा सेकंदांची. उलट एलेक्ट्रॉनची डिजिटॅक्ट २०१७ ला आली तेव्हा तिच्यात 'साँग मोड' नव्हता, तो काही वर्षांनी अपडेटमधून मिळाला. त्याच वर्षी आलेली एमपीसी लाइव्ह कॉम्प्युटरशिवाय चालते आणि तिच्यात बॅटरीही आहे. माधव नगरात वीज जाते का, हे बहिणीला विचारावे लागले नाही!

पण गाणे मांडायची सोय असली म्हणून गाणे मांडले जाते असे नाही. सोय फार असेल तर पेटीत पुन्हा लॅपटॉपच शिरतो: मोठा पडदा, हजार आवाज, पुन्हा चाळत बसणे. मी त्याला सांगितले, कमी तुकडे मावणारी, हाताने बंद-चालू करता येतील असे ट्रॅक असलेली घे. शक्य तर जुनी घे, आवडली नाही तर विकता येईल. आणि घेण्याआधी कुणाची तरी आठवडाभर मागून आण. एक गाणे सुरुवातीपासून शेवटापर्यंत हातांनी वाजवत दुसऱ्या रेकॉर्डरवर उतरव. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. त्या पेटीवर एक पुरे झाले तर तीच घे.

"आणि नाही झालं तर?"

"तर पैसे वाचले."

त्याला हे फारसे पटले नाही. तरी इंदूरच्या मित्राकडून त्याने एक पेटी आणली, कुठली ते मी विचारले नाही. तीन आठवड्यांनी मला फाइल आली. सहा मिनिटे चाळीस सेकंद. सुरुवातीला आजोबांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा एकटाच चालू आहे, जरा उतरलेला. मग ठेका येतो, ठीकठाक आहे. मधे दोन मिनिटे उगाच लांबली आहेत, ते मी त्याला सांगितले. शेवटी ठेका थांबतो, तंबोरा पुन्हा उरतो, आणि तो बंद करतानाचा खटका ऐकू येतो. तो काढू का, असे त्याने विचारले आहे. मी म्हटले, राहू दे.