उभी गाडी पडते तेव्हा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात सासऱ्यांच्या वेळची बिलबुकं अजून आहेत. तेलकट, कोपरे उंदरांनी कुरतडलेली. पाईप वाकवून गाड्यांचे गार्ड करायचे हा धंदा. लग्नानंतर हिशेब माझ्याकडे आला आणि रिकाम्या वेळात मी ती बिलं चाळायला लागले. ठाणे-कल्याणकडच्या लोकांनी कोणत्या गाड्या घेतल्या हे त्यांत दिसतंच. पण त्या कुठे उभ्या केल्या, हे त्याहून जास्त दिसतं.

लेगगार्ड हा उभ्या गाडीसाठी असतो. गिऱ्हाईक तो ठोकर वाचवायला म्हणून घेतं आणि धंदेवाल्या घरात त्यावर फार वाद घालत नाहीत. पण 1981 साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा मोठा अहवाल आला. लॉस एंजेलिस भागातले 900 मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासून तो लिहिला होता. अशा गार्डमुळे घोटा-पाऊल वाचतं तेवढीच गुडघ्याची आणि मांडीची इजा वाढते, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे वेगातल्या धडकेत हिशेब बरोबरीचाच. गार्डचं खरं काम वेगळं आहे. गाडी जागेवर किंवा माणसाच्या चालीने सरकताना आडवी झाली, तर टाकी, इंडिकेटर, लिव्हर आणि पेडल वाचवायचं.

सगळ्यात जुनी बिलं मात्र स्कूटरची आहेत. लांब्रेटा शेजारच्या भांडुपलाच बनायची, एपीआय कंपनीच्या कारखान्यात, 1955 पासून. बजाजने 1960 पासून व्हेस्पा काढली. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं, असा तो काळ होता. इतकी वाट पाहिल्यानंतर दारात आलेल्या वस्तूला लोक उघडं ठेवत नसत. पुढे गार्ड, मागे गार्ड, दोन्ही पॅनलना गार्ड, सीटवर प्लॅस्टिक. नौपाड्यातल्या चाळीच्या बोळात रात्री स्कूटर आत घेताना भिंत घासायची ती पाईपला. सासरे म्हणायचे, “पोरगी द्यायला एवढी काळजी घेत नव्हते लोक.” टोमणा होता, पण धंद्याचा पाया त्या वाट पाहण्यावरच उभा होता.

बुलेट आली ती वेगळ्या घरांत. सीमेवरच्या गस्तीसाठी सैन्याने ही गाडी निवडली आणि 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आमच्याकडे ती दिसायची पोलिसांकडे, सैन्यातून परतलेल्यांकडे आणि कल्याण-भिवंडीकडच्या दूधवाल्यांकडे. दूधवाल्यांत राजदूत आणि येझदीही होत्या. त्यांच्या गाड्यांना मागे दोन्ही बाजूंना कॅन अडकवायच्या चौकटी असत. गाडी कलंडली तर चौकट आधी जमिनीला टेकायची. तो न मागता मिळालेला गार्डच होता. एका बाजूचा कॅन रिकामा आणि दुसरा भरलेला असला की गाडी स्टँडवरूनच झुकायची, म्हणून ते लोक चौकट जाड पाईपची मागत.

जुन्या बुलेटचा गिअर उजवीकडे, किकही उजवीकडे, मागचा ब्रेक डावीकडे. साईड स्टँड डाव्या बाजूला, त्यामुळे स्टँड रुतून पडणारी गाडी डावीकडेच पडते. मग ब्रेकचं पेडल आत वाकतं, फूटरेस्ट वळतो आणि नशीब वाईट असेल तर प्रायमरी केसला तडा जाऊन ऑईल ठिबकायला लागतं. मे महिन्यात डांबर मऊ होतं, जुलैत माती. म्हणून बुलेटवाल्याच्या डिकीत चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा असायचा, स्टँडखाली ठेवायला. फुकटचा उपाय आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. दुसरा उपाय मिस्त्रींचा. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा क्लँप ते पक्का आवळत नसत. हाताने फिरणार नाही, पण आपटल्यावर फिरेल इतकाच. लिव्हर फिरला की तुटत नाही.

गार्ड बनवायची रीत जुन्या मिस्त्रींकडून मी पाहिली आहे. लोखंडी पाईपमध्ये कोरडी रेती ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या, वाकवायच्या जागी ताव द्यायचा आणि साच्यावर वळवायचा. रेती ओली राहिली तर वाफेने खुंटी गोळीसारखी उडते. रेती कमी पडली तर पाईप चेपतो. पुढे हायड्रॉलिक बेंडर आला आणि रेती गेली. मग निकेल, त्यावर क्रोम, तेही इस्टेटमध्येच. एमआयडीसी 1962 साली झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. पाईपवाला, प्लेटिंगवाला, नटबोल्टवाला, सगळे हाकेच्या अंतरावर. क्रोम वरून चकाकतं, पण पाईपची तोंडं उघडी राहिली तर पावसाळ्यात आतून गंज धरतो.

गार्ड वाकला पाहिजे, चेसिस नाही, यावर मिस्त्रींचा फार कटाक्ष. फ्रेमच्या पुढच्या नळीला यू-क्लँपने धरलेला गार्ड फार मजबूत केला, तर पडल्याचा धक्का थेट नळीत जातो. गार्ड दोन-चारशे रुपयांत सरळ होतो. नळी वाकली की पुढचं चाक कायमचं तिरकं पळतं. भरीव सळीचा गार्ड मागणाऱ्यांना ते हे समजावत. ऐकणारे कमी. लोक त्यापेक्षा गार्डला सुतळी गुंडाळण्यात खूश असत. दिसायला रुबाबदार, शिवाय क्रोमवर ओरखडा येत नाही.

1985 ला हिरो होंडा सीडी 100 आली आणि गाड्या हलक्या झाल्या. पडल्या तरी एकट्याने उचलता येणाऱ्या. गार्ड मग शोरूममध्येच नव्या गाडीसोबत मिळणाऱ्या सामानात गेला. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 123 व्या नियमाने मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून संरक्षण सक्तीचं केलं. तो साडी गार्ड कंपन्याच लावून देऊ लागल्या. त्या वर्षांची आमची बिलबुकं पातळ आहेत.

जाड झाली ती स्टेशनांमुळे. ठाणे, डोंबिवली, कल्याणला सकाळी गाडी लावून लोकल पकडायची. स्टँडवाला सांगणार, हँडल लॉक करू नका, म्हणजे त्याला गाड्या सरकवून दाटीत बसवता येतात. एक कलंडली की ओळच पडते. तिथे एकाचा गार्ड दुसऱ्याच्या पेडलमध्ये घुसतो, आणि या तक्रारीला मी आजवर उत्तर देऊ शकलेले नाही. माझा माल शेजाऱ्याचं नुकसान करतो हे खरं आहे.

2009 मध्ये एनफिल्डची क्लासिक आली, तरुण पुन्हा बुलेटकडे वळले आणि गार्ड रुंद होत गेले. बटरफ्लाय, एअरफ्लाय अशी त्यांची नावं. गाड्या पावणेदोनशे-दोनशे किलोच्या, रस्ते भरलेले. कल्याणचा जुना पत्री पूल 2018 मध्ये पाडला, नवा जानेवारी 2021 मध्ये खुला झाला. मधल्या काळात तिथल्या कोंडीत चढावर थांबायचं, मागे बायको, हातात पिशवी, आणि टेकायला गेलेला पाय खड्ड्यात. अशी पडलेली गाडी ताशी शून्य किलोमीटरने पडते आणि तरी टाकीला पोचा येतो.

गाड्या सगळ्यात हळू चालतात त्या गुढीपाडव्याच्या दिवशी. डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्वागतयात्रा सुरू केली, मग ती ठाण्यासह सगळीकडे पसरली. नऊवारी, फेटा, गॉगल आणि बुलेट. मीही जाते. पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर तासभर, फडके रोडवर ढोलपथकाच्या मागे, इंजिनची धग पोटरीला. कासोटा सोयीचा असतो, अडचण पायांच्या लांबीची. सीट सुमारे 800 मिलिमीटरवर. पाय पुरत नसेल तर पुढचा थांबला की तुम्ही कलंडलात. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे गार्ड घट्ट करून घ्यायला बायका येतात. मिस्त्री त्यांना उचलायचंही शिकवतात: “वहिनी, आधी इंजिन बंद, पेट्रोलचा कॉक बंद. उजवीकडे पडली असेल तर स्टँड आधीच काढून ठेवा. मग पाठ सीटला लावा, मांड्यांनी उचला, कंबरेने नाही.”

डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं की गाड्यांवरचे अनधिकृत बुल-बार आणि क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या विरुद्ध आहेत. रोख मोटारींवर होता, तरी दुचाकीवाले घाबरले आणि काही महिने आमचे बेंडर थंड होते. नंतर कंपन्या स्वतःचेच गार्ड विकू लागल्या. आता आमच्याकडे जास्त येतात ते वाकलेले गार्ड सरळ करायला. घोडबंदर रोडच्या टॉवरमधले लोक तर तो अरुंद करून मागतात; पार्किंगच्या खांबांमधून गाडी जात नाही म्हणून.