मांजराचे दुखणे



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात. आज मी ज्या इतिहासाविषयी चार शब्द बोलणार आहे, तो मला एका मांजराच्या दुखण्यातून सुचला. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांना तो तसा वाटणार नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. त्या दिवसांत आमचे लोह्याचे घर पाहुण्यांनी भरलेले असते. कारण जवळच माळेगावी खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, गाढवे, उंट व गुरेढोरे यांचा मोठा बाजार तेथे लागतो. अशा गर्दीत एका मांजराकडे कोणाचे लक्ष जाणार? आमचा बोका मन्या सकाळपासून वाळूच्या घमेल्याकडे फेऱ्या घालीत होता. बसे, कण्हे, उठे, पुन्हा बसे. आणि वाळू मात्र कोरडीच राही. दुपारी त्याने दुधाला तोंड लावले नाही. तिन्हीसांजेस तो धान्याच्या कोठीमागे जाऊन बसला आणि हात लावताच अशा स्वराने ओरडला की, ओसरीवरचे बोलणे क्षणभर थांबले.

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. आईने बद्धकोष्ठाचे निदान करून एरंडेल काढले. एका पाहुण्याने आपल्या डब्यातील तापाची गोळी पुढे केली. अर्धी द्या म्हणाला, लहान जीव आहे. शेवटी मी शेजारच्या आबांना बोलावून आणले. आबांनी उभा जन्म बैलांत घालविलेला. खूर, खांदा, पोटफुगी यांत त्यांचा हात धरणारा आमच्या आळीत कोणी नाही. त्यांनी कंदिलासारखी बॅटरी वर धरून मन्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “बैलाचं विचारा, रातभर सांगतो. मांजराचं मात्र मला काही कळत नाही बघा.”

अखेर रात्री नांदेडच्या एका पशुवैद्यांशी दूरध्वनीवर बोलणे झाले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: नर आहे का, आणि लघवी केव्हापासून नाही? उत्तर ऐकताच ते म्हणाले, “तेल देऊ नका, गोळी देऊ नका, पोट दाबू नका. उजाडण्याची वाट न पाहता निघा.” वेताच्या टोपलीत मन्याला घालून आम्ही निघालो. समोरून यात्रेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांची रांग संपत नव्हती आणि मांडीवरच्या टोपलीतून येणारा आवाज हळूहळू क्षीण होत होता. त्या वाटेवर मला आबांचे वाक्य राहून राहून आठवत होते. आमच्या गावाला बैलाचे इतके कळते आणि चुलीजवळ निजणाऱ्या मांजराचे काहीच कसे कळत नाही? आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर होय.

आपल्या देशात पशुवैद्यक नवे नाही. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गिरनारच्या शिळेवर माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे कोरून ठेविले आहे. घोड्यांच्या वैद्यकाला शालिहोत्राचे नाव मिळाले. हत्तींच्या वैद्यकाचा मोठा ग्रंथ पालकाप्य मुनीच्या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या भागावर ज्यांची सत्ता होती, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचिला. त्यात हत्ती, घोडे व शिकारी कुत्रे यांचा विचार आहे. हत्ती आणि घोडा लढाईचे, कुत्रा मृगयेचा. आणि शेतकऱ्याचा बैल? त्याचे वैद्यक पोथीत फारसे आले नाही, तरी आबांसारख्यांच्या हातात पिढ्यान् पिढ्या टिकले. लोहा पूर्वी ज्या कंधार तालुक्यात मोडत असे, त्या कंधारचे नाव ‘लाल कंधारी’ या गोवंशाला मिळाले आहे. ज्या मातीने आपल्या गुरांना गावाचे नाव दिले, तिला गुरांचे दुखणे कळावे यात नवल नाही.

इंग्रजी अमलातही हाच क्रम चालू राहिला. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लाविला, तेव्हा पारशी समाज खवळून उठला व दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि इतर धनिकांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ निघाला. परळ येथे १८८३ साली बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ स्थापन झाले आणि १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. बुळकांड्या रोगाने देशातील गुरे पटापट मरत होती, म्हणून १८८९ साली पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. तीच पुढे १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथून सुरू झालेल्या कामाचे फळ एवढे मोठे की, २०११ साली बुळकांड्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. या साऱ्या उद्योगाला आपण हात जोडले पाहिजेत. तथापि त्यामागची प्रेरणा मुख्यतः पलटणीचा घोडा आणि नांगराचा बैल हीच होती. ज्याच्या मरणाने तिजोरीला किंवा शेताला तोटा येतो, त्याच्याकडे वैद्य आधी पोहोचला.

मग मांजराची कोणी पर्वाच केली नाही काय? तसेही नाही. मांजराच्या वाट्याला वैद्यक आले नाही, पण धर्म पुष्कळ आला. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारल्यास प्रायश्चित्त सांगितले आहे. हातून मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, हे आपण आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. लेकरांची रक्षण करणारी जी षष्ठी, तिचे वाहन मांजर. म्हणून बाळंतिणीच्या घरातून मांजराला कोणी दुखवून हाकलीत नसे. आमच्या मराठवाड्यात शेजारच्या मुसलमान घरांतही मांजराला असाच मान. पैगंबरांच्या एका सोबत्याचे नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिलाचा बाप, असे पडले. आणि मांजराला उपाशी कोंडणाऱ्या बाईला नरक मिळाल्याची कथा त्यांच्याकडे मुलांना सांगतात.

मिसर देशात तर याची परमावधी झाली. घरातील मांजर मेले की घरची माणसे भुवया काढून टाकीत, असे हिरोडोटस लिहितो. तेथे मसाले भरून पुरलेली मांजरे एवढी निघाली की, १८९० साली त्यांची जहाजे भरून लिव्हरपूलला गेली आणि शेतात खत म्हणून विकली गेली! देवत्वाचा शेवट खतात झाला. मला यातून एक गोष्ट दिसते. या सर्व आचारांत मेलेल्या मांजराविषयी पुष्कळ सांगितले आहे. दुखणाईत मांजराविषयी जवळजवळ काहीच नाही. त्याला मारणे पाप ठरले, पण त्याला बरे करणे हे कोणाचे काम ठरले नाही.

सरकारने मांजराकडे गंभीरपणे पाहिल्याचा एक प्रसंग मात्र आपल्याच महाराष्ट्रात घडला. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे साऱ्या मुलखात पसरला. प्लेग उंदरावरील पिसवांच्या द्वारे माणसाकडे येतो, हे सीमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. पण ते सर्वमान्य होण्यास वर्षे लागली. उंदीर शत्रू ठरला, तसे मांजर मित्र ठरले. अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन यांनी वऱ्हाडातील गावांत मांजरांची मोजदाद केली आणि जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे प्रतिपादन केले. त्यांचा लेख १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. आज आपणांस ठाऊक आहे की, प्लेग मांजरालाही होतो, आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो. ज्या पहारेकऱ्याला आपण दाराशी बसविले, तोही त्याच बाणाने पडत होता. परंतु त्याची मोजणी झाली ती उंदीर मारणारा म्हणून. रोगी म्हणून नव्हे.

मांजराचा व माणसाचा सहवास मात्र फार जुना आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. धान्याची कोठार झाली, उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आपल्या पायांनी घरात आले. त्याला कोणी जू घातले नाही, लगाम घातला नाही. म्हणूनच त्याच्याविषयी कोणी काही शिकलेही नाही. शिवाय त्याचा स्वभाव आड येतो. मांजर स्वतः शिकारी खरे, पण मोठ्या श्वापदांची ते स्वतःही शिकार आहे. रानात दुखणे दाखविणारा जीव लवकर मारला जातो. म्हणून ते दुखणे लपविते, कोपरा धरते. बैल उभ्या गावादेखत आजारी पडतो. मांजर आजारी पडते ते कोठीमागे.

मांजराचे स्वतंत्र वैद्यक खरोखर उभे राहिले ते विसाव्या शतकात. पश्चिमेकडील शहरांतून मोटारीने घोडा हाकलला, तेव्हा तेथील पशुवैद्य घरच्या प्राण्यांकडे वळले. १९२८ साली मांजरांच्या पिलांना झपाट्याने मारणाऱ्या एका साथीचे कारण विषाणू असल्याचे फ्रान्समध्ये सिद्ध झाले. आज तिच्यावर लस मिळते. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे आणि लहान माणूसही नव्हे, हे हळूहळू उमगले. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. ते मांसातून मिळावे लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांतील पडदा झिजतो, हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ साली उघडकीस आले. आपण प्रेमाने घातलेल्या दूधभाकरीवर मांजर जगते असे आपल्याला वाटते. वास्तविक ते बाहेर मारलेल्या उंदरावर जगत असते. दूध तर पुष्कळशा मोठ्या मांजरांना पचतही नाही. आणि ती तापाची गोळी! पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची जी सोय माणसाच्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात अत्यंत तोकडी आहे. एक गोळी त्याचा जीव घेण्यास पुरे. आमच्या पाहुण्याने पुढे केलेली अर्धी गोळी हा निव्वळ दयेचा हात होता, आणि त्याच हाताने त्या रात्री आमचे मांजर दगावले असते.

मन्याचे दुखणे काय होते? बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. बारीक खडे व चिकट द्रव्य यांचा बोळा त्यात अडकला, की लघवी तुंबते. फुगा ताणावा तसे मूत्राशय ताणते. जे क्षार बाहेर जावयाचे ते रक्तात साठतात. त्यांतील पोटॅशियम वाढले की हृदयाची गती बिघडते. एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. पाहणाऱ्याला वाटते, शौचास होत नाही. हा एक गैरसमज घरोघर किती बोक्यांच्या जिवावर बेतला असेल, त्याची गणती नाही. घमेल्याकडे वारंवार फेऱ्या, कण्हणे आणि कोरडी वाळू, एवढी तीन चिन्हे दिसली की घरगुती उपायांत वेळ न घालविता वैद्याकडे निघावे. त्या रात्री पशुवैद्यांनी मन्याला भूल देऊन बारीक नळीने मार्ग मोकळा केला. नळीतून तांबूस धार सुरू झाली, तेव्हा ते इतकेच म्हणाले, “सकाळी आणले असते, तर सांगता आले नसते.”

परभणीस १९७२ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि पुढे उदगीरलाही एक झाले. तेव्हा मराठवाड्यात आज विद्या नाही असे म्हणवत नाही. उणीव आहे ती घराच्या उंबऱ्याच्या आत. सोन्याचे मांजर काशीला देण्याची ऐपत आपल्यापैकी कितीजणांची होती, देव जाणे. जिवंत मांजराला वेळेवर टोपलीत घालून नेण्याची ऐपत मात्र बहुतेकांची आहे. पहिले प्रायश्चित्त मेल्यानंतरचे, दुसरे कर्तव्य आधीचे.

तीन दिवसांनी मन्या घरी आला आणि ओसरीवर उन्हात पाय पसरून निजला. यात्रा उलगली होती; रस्त्याने नवी जनावरे घेऊन लोक परतत होते. आबा काठी टेकीत आले, मन्याशेजारी बसले आणि मला म्हणाले, “आता नीट सांगा. त्या दिवशी त्याने सकाळपासून काय काय केलं?” मी सांगत गेलो. घमेल्याच्या फेऱ्यांपाशी येताच त्यांनी मला थांबविले आणि तेवढे पुन्हा एकदा सांगायला लावले.