दिनविशेष : १९ सप्टेंबर – न्यूझीलंडच्या स्त्रियांना मताधिकार (१८९३)

संसदीय निवडणुकीत सर्व प्रौढ स्त्रियांना मताचा हक्क देणारा न्यूझीलंड हा जगातला पहिला स्वशासित देश ठरला, तो आजच्या दिवशी. गव्हर्नर लॉर्ड ग्लासगो यांनी कायद्यावर सही केली आणि माओरी स्त्रियांनाही तो हक्क मिळाला.

हे दान नव्हते. मताधिकार चळवळीच्या नेत्या केट शेपर्ड आणि त्यांच्या सहकारी दारूबंदीच्या चळवळीतून पुढे आलेल्या. त्यामुळे दारूविक्रेते त्यांचे कट्टर विरोधक. या बायकांनी गावोगाव, घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. १८९१ मध्ये सुमारे ९ हजार, पुढच्या वर्षी जवळपास २० हजार, तर १८९३ मध्ये सुमारे ३२ हजार! त्या वर्षीच्या मुख्य अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून शेपर्ड यांनी झाडूच्या दांड्याभोवती गुंडाळले. खासदार सर जॉन हॉल यांनी ती गुंडाळी सभागृहात उलगडली. इतकी चिकाटी दाखवूनही वरिष्ठ सभागृहात विधेयक तरले ते २० विरुद्ध १८ अशा निसटत्या फरकाने. पंतप्रधान रिचर्ड सेडन यांनी एका सदस्यावर मत बदलून विधेयकाविरुद्ध जाण्यासाठी दबाव आणला. त्याने चिडलेल्या दोन विरोधकांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले.

२८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत स्त्रिया मोठ्या संख्येने मतदानाला आल्या. उमेदवारीचा हक्क मात्र १९१९ पर्यंत नाकारला गेला, हा अन्यायच. पहिल्या महिला खासदार एलिझाबेथ मॅककोम्ब्स निवडून आल्या त्या १९३३ मध्ये.