बारवेच्या पायऱ्या का बुजवल्या?



बियाणे-खतांचा विषय आज जरा बाजूला ठेवू या. आज बोलायचे आहे गावच्या पिण्याच्या पाण्याबद्दल, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझ्या आजीच्या उजव्या घोट्यावर एक जुना व्रण होता. आम्ही पोरं विचारायचो, "आजी, हे काय गं?" ती म्हणायची, "नारू निघाला होता बाबा. महिनाभर खाटेवर पडून होते, आणि बाहेर पेरणी चाललेली." आज तिशीतल्या शेतकऱ्याला नारू म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे.

नारू म्हणजे दोऱ्यासारखा पांढरा कृमी. मादी जवळजवळ दोन हात लांब. ती माणसाच्या कातडीखाली वाढते आणि बहुधा पायावर फोड आणून बाहेर डोकावते. जोराने ओढली तर तुटायची आणि पाय सुजून पिकायचा. म्हणून काडीला गुंडाळत रोज बोट-दोन बोटे काढायची. या रोगावर ना लस होती, ना औषध. आजही नाही. त्यातून तो निघायचा उन्हाळ्यात नाहीतर पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे ऐन हंगामात. घरातला कर्ता माणूस खाटेवर पडला की त्या साली शेत पडीक राहायचे.

हा रोग येतो कोठून, हे कोडे १८७० मध्ये फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तानात सोडवले. नारूची पिल्ले पाण्यातल्या सायक्लोप्स नावाच्या बारीक जीवाच्या पोटात वाढतात. ते पाणी माणसाने प्यायले की सुमारे वर्षभराने त्याच्या पायातून नारू निघतो. फोडाची आग व्हायला लागली की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि त्याच क्षणी हजारो पिल्ले पाण्यात सुटतात.

आता आपली जुनी बारव डोळ्यांपुढे आणा. पायऱ्या उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभे राहायचे, पाय धुवायचे आणि तिथेच घागर बुडवायची. ज्याच्या पायात नारू आहे तोही तिथेच, आणि ज्याच्या घरी पुढच्या वर्षी नारू निघणार तोही तिथेच. बारव बांधणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाटसरूला दोर-पोहरा नसतानाही पाणी मिळावे, हा हेतू पुण्याचाच होता.

आपल्या देशात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला. रोग सात राज्यांत होता, त्यांत आपला महाराष्ट्रही होता. १९८४ मध्ये देशात सुमारे ४० हजार रुग्ण मोजले गेले. उपाय साधेच होते. बारवेच्या पायऱ्या बंद करून वर काठ बांधायचा, म्हणजे पाणी दोराने वर येईल पण पाय आत जाणार नाही. जमेल तिथे हातपंप बसवायचा. पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लोप्स मारायचे. घरी पाणी फडक्याने गाळायचे. आणि नारू निघालेल्या माणसाला पिण्याच्या पाण्यात उतरू द्यायचे नाही.

हे शेवटचे काम सर्वांत अवघड. त्याला गवंडी लागत नाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याला अडवावे लागते. तरी ते झाले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात सापडला. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ पाळत ठेवून फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला.

नारू डोळ्यांना दिसत होता, म्हणून लोकांनी नियम मानला. कॉलरा, कावीळ, गॅस्ट्रो यांचे जंतू दिसत नाहीत. हंड्यातले पाणी काचेसारखे नितळ असते. म्हणून तर भारतीय मानकात लिहून ठेवले आहे की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही नसावा, आणि क्लोरीन वापरले असेल तर नळाशी येणाऱ्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. गावापुरती ही जबाबदारी ग्रामपंचायतीची. ती पाहायला जलसुरक्षक असतो, आणि पाहणीनंतर पंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते.

कार्डावर मात्र फार विसंबू नये. कामानिमित्त मी एका गावी गेलो होतो. कार्ड हिरवे. नोंदवही पाहिली, तर महिन्याभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईने, एका बैठकीत भरलेल्या. टीसीएलची गोणी खिडकीपाशी तोंड उघडी. ओल लागली की त्यातले क्लोरीन उडून जाते, उरतो तो नुसता चुना. आळीतल्या शेवटच्या नळाचे पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले. पिवळा रंग यायला हवा होता, पाणी तसेच राहिले. दोन आठवड्यांत त्याच आळीत जुलाबाचे रुग्ण निघाले, त्यांत एक तान्हे मूल होते. सुदैवाने ते वाचले.

त्यानंतर गावाने तीन गोष्टी बदलल्या. टीसीएल आता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात, कोरड्या खोलीत असते. बादलीत कालवून चुना खाली बसू देतात आणि वरची निवळीच टाकीत ओततात. आणि ओटीची बाटली पंचायतीच्या कपाटात नसते, शेवटच्या नळाच्या घरी असते. तिथल्या वहिनी सकाळी पाणी आले की थेंब टाकून पाहतात. रंग आला नाही तर हंडा बाजूला ठेवतात आणि पाणी सोडणाऱ्याला दारातूनच हाक मारतात.