इथंच तर जातो!

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याने निघा. तुमच्या बाजूने पाच-सहा मोटारसायकली सूं सूं करीत निघून जातील. निघालेल्या असतात चिखलदऱ्याला. वऱ्हाडच्या पोरांना सपाट रस्त्याचा कंटाळा आला की घाटाची वळणे खुणावतात, आणि घाट म्हणजे आपल्याकडे चिखलदराच. या टोळीकडे नीट पाहिले तर दोन जाती दिसतात. एक, डोक्यावर पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, अंगात जाड जॅकेट, हातात मोजे, पायात घोट्यापर्यंतचे बूट. दुसरी, अंगात टी-शर्ट, पायात चप्पल, आणि हेल्मेट असलेच तर ते कोपरात अडकवलेले. गाडी दोघांचीही दीड-दोन लाखांची. वेगही तोच. रस्ताही तोच. मग हा फरक कुठून आला?

याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

वऱ्हाडचा माणूस डोके झाकत नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्याइतके डोके जपणारे लोक महाराष्ट्रात क्वचितच सापडतील. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंश सहज ओलांडतो. म्हणून आपल्या आजोबांच्या डोक्यावर पागोटे होते, वडिलांच्या डोक्याला पांढरा दुपट्टा होता, आणि खिशात कांदा होता. बाहेर निघताना आई ओरडायची ती "दुपट्टा बांधला का?" म्हणून. पिढ्यानुपिढ्या आपल्याला शिकवले गेले की डोक्याचा शत्रू वर आहे, आभाळात. तो खाली, डांबरावर असू शकतो, हे शिकायला आपल्याला वेळच मिळाला नाही. कारण डांबर आणि वेग ही दोन्ही आपल्याकडे फार उशिरा आणि फार झपाट्याने आली.

वेगाची हौस मात्र जुनी. तळेगाव दशासरचा शंकरपट ज्याने पाहिला, त्याला ती सांगायला नको. बैलजोडी सुटते, धुरकरी जीव मुठीत धरून उभा असतो आणि काही सेकंदांत सगळे संपते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा परवानगी दिली आणि २०२३ मध्ये ती कायम केली. इतकी वर्षे बंदी राहूनही पटाची ओढ आटली नाही. ज्या मातीत ही ओढ आहे, तिथल्या पोराच्या हाती मोटारसायकल आल्यावर ती तो हळू चालवील, ही अपेक्षाच चुकीची. फरक एवढाच, की धुरकरी पडतो तो मातीत. मोटारसायकलवाला पडतो तो डांबरावर, नाहीतर पुलाच्या कठड्यावर.

आणि पडायचे कसे, हेही आपल्याला ठाऊक होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले. आखाड्यात उतरलेल्या कोणालाही विचारा, पहिले काम काय? माती खणून मऊ करणे. कुस्तीत पडणे ठरलेलेच आहे, तेव्हा पडल्यावर लागणार नाही अशी आधी सोय करा, मग जोर लावा. या सोयीला कोणी भित्रेपणा म्हटले नाही. बखरी सांगतात की अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता. त्यांच्या शौर्याबद्दल शंका घेण्याची कोणाची हिंमत आहे? मर्दानगी आणि चिलखत यांचे वैर आपल्या परंपरेत नव्हतेच. ते अलीकडे, गाडीबरोबर आले.

योगायोग पाहा. ज्या १९१४ साली अमरावतीत हे मंडळ उभे राहिले, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मोटारसायकलचे हेल्मेट आले. ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर डॉ. एरिक गार्डनर नावाचे वैद्यकीय अधिकारी होते. डोक्याला मार लागलेले स्वार वारंवार त्यांच्यापुढे येत. त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचे टोप बनवून घेतले. शर्यती भरवणाऱ्या संघटनेने आधी नाही म्हटले, नंतर मात्र आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते सक्तीचे केले. म्हणजे हेल्मेट आधी घातले ते घाबरट माणसांनी नव्हे, तर त्या काळातल्या सगळ्यात वेगवान माणसांनी.

सामान्य स्वारापर्यंत ते पोचायला एका प्रसिद्ध माणसाचा जीव जावा लागला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स पहिल्या महायुद्धात वाळवंटातून जिवंत परतले. १३ मे १९३५ रोजी घराजवळच्या साध्या गावरस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना ते मोटारसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी ते गेले, वय ४६. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे तरुण शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. लष्करी निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार डोके फुटून कसे मरतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेले अवघे सात जखमी त्यांना सापडले, पण सातही वाचले होते. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये सक्ती व्हायला मात्र १९७३ उजाडले. तेव्हा टाळाटाळ फक्त आपणच करतो, असे समजून उगाच खजील व्हायचेही कारण नाही.

आता आपल्याकडे या. राजदूत आणि येझदी यांचा जमाना अनेकांना आठवत असेल. १९७२ मध्ये लुना आली आणि सायकलवरचे मास्तर, पोस्टमन इंजिनावर आले. तोवर वेग बेताचा होता. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली आणि वेगाला पहिल्यांदा 'पिकअप' हा शब्द मिळाला. २००१ मध्ये पल्सर आली, २००४ मध्ये 'धूम' चित्रपट आला, २०१२ मध्ये पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेली केटीएम ड्यूक आली. 'धूम' पाहून आमच्या पोरांनी गाडी तेवढी लक्षात ठेवली. त्यातल्या चोरांनी हेल्मेट घातले होते, हे कोणाच्याच लक्षात राहिले नाही.

कापूस विकला, हाती चार पैसे आले की दसऱ्या-दिवाळीला दारात गाडी उभी राहते, तिला हार घातला जातो, नारळ फुटतो. सीट कव्हर घेतले जाते, आरशाला गोंडे बांधले जातात. हेल्मेटचा विषय निघाला की रस्त्याच्या कडेला मांडलेल्या ढिगाऱ्यातून स्वस्तातले एखादे उचलले जाते, पोलिसाला दाखवण्यापुरते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे १२९ वे कलम चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना हेल्मेट विकणेही गुन्हा ठरले. पण कायदा आणि रस्ता यांची गाठ फक्त चौकात पडते. चौक आला की हेल्मेट डोक्यावर, चौक गेला की टाकीवर.

सक्तीचा इतिहासही गमतीचा आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्रात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा झाली, गदारोळ झाला. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा विरोधात मोर्चा निघाला. विरोधकांचे म्हणणे असे, की डोके आमचे आहे. आपल्याकडे मोर्चे कमी निघतात, पण म्हणणे तेच. शिवाय उकडते, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

उकडते हे खरे आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशांत, गावातल्या गर्दीत, जाड जॅकेट घालणे म्हणजे शिक्षाच. ज्यांनी हे नियम लिहिले ते थंड देशातले होते, हेही खरे. त्यावर उपाय आहेत. हवा खेळेल अशी जाळीची जॅकेटे मिळतात. हेल्मेटच्या आत सुती दुपट्टा बांधता येतो, तो घाम टिपतो. आजोबांचा दुपट्टा आणि हेल्मेट यांत भांडण नाही. दुपट्टा उन्हासाठी, हेल्मेट रस्त्यासाठी.

हॉर्नचे आणि मानेचे काय? अमेरिकेत प्रा. हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिस परिसरातले ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. हेल्मेटमुळे ऐकू आले नाही किंवा दिसले नाही म्हणून अपघात झाला, असे त्यांना आढळले नाही. पण त्या अहवालातल्या दुसऱ्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली, धडकेच्या क्षणी वेग फार नव्हता. निम्म्या अपघातांत तो ताशी ३५ किलोमीटरच्या आतच होता. दुसरी, बहुतेक अपघात लांबच्या प्रवासात झालेच नव्हते. दुकानात, मित्राकडे, कसल्या तरी किरकोळ कामाला निघालेली माणसे घरापासून थोड्याच अंतरावर पडली होती.

म्हणजे आपले ते लाडके वाक्य, "इथंच त जातो, काई नाई होत," हेच सगळ्यात धोक्याचे.

ताशी ३५ चा वेग म्हणजे किती? साधा हिशेब आहे. त्या वेगाने भिंतीवर आदळणे आणि पंधरा फुटांवरून खाली पडणे सारखेच. ताशी ६० असेल तर चौथ्या मजल्यावरून. गच्चीच्या कठड्यावर उभे राहायला आपण घाबरतो. गाडीवर बसताना घाबरत नाही, कारण उंची डोळ्यांना दिसते, वेग दिसत नाही.

हेल्मेट यात करते काय? बाहेरचे कवच मार एका जागी न ठेवता पसरवते. खरे काम आतल्या थर्मोकोलसारख्या जाड थराचे. हा थर १९५३ मध्ये अमेरिकेत रॉथ आणि लोंबार्ड या दोघांच्या पेटंटमधून आला. तो स्वतः चिरडतो आणि डोक्याला थांबायला सेकंदाचे काही हजारांश जास्त देतो. तेवढ्यावर जीव वाचतो. एकदा चिरडला की तो पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बदलावे लागते. आणि पट्टा लावला नसेल तर हेल्मेट आधी उडते, डोके मागून आपटते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष असा आहे, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के नाही. हेल्मेट कवच आहे, वरदान नाही.

ज्यांना आपली पोरे गुरू मानतात, त्या शर्यतपटूंकडे पाहा. मोटोजीपीत ताशी ३०० च्या पुढे जाणाऱ्या स्वाराच्या अंगात कातडी पोशाख असतो, पाठीला संरक्षक असतो आणि २०१८ पासून पोशाखातच हवेची पिशवी सक्तीची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला ही शर्यत झाली, तेव्हा आपल्या लोकांनीही ते पाहिले. तिथे रस्ता मोकळा, समोरून ट्रक नाही, मध्ये बैल नाही, कडेला डॉक्टर उभा. तरी एवढा बंदोबस्त. आणि मूर्तिजापूरच्या रस्त्यावर आपण चपलेवर.

त्याच रस्त्याने आपल्या जिल्ह्यांचे नाव गिनिज बुकात नेले. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या भागात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग डांबरली गेली. वर्षानुवर्षे खड्डे सोसलेल्या आपल्याला त्याचा आनंद झाला, व्हायलाच हवा होता. पण खड्डे वेगाला लगाम होते. लगाम गेला, हात मात्र तेच राहिले. त्याच २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक रस्त्यावर मेले. त्यांतले १४,३३७ गाडी चालवत नव्हते. ते मागे बसले होते. कोणाची आई, कोणाची बायको, कोणाचे लेकरू.

डोके आमचे आहे, या म्हणण्याचे उत्तर मला या आकड्यात दिसते.

आणखी एका ठिकाणीही दिसते. १९९० च्या उन्हाळ्यात माझा एक वर्गमित्र बडनेरा स्टेशनवर पाहुण्यांना सोडून अमरावतीला परत येत होता. दहा-बारा किलोमीटर. गाडी नवी होती. पुलाच्या कठड्याजवळ तो घसरला. मी पोचलो तेव्हा अंगावर फारसे खरचटलेलेही नव्हते. डोक्याला ऊन लागू नये म्हणून बांधलेला दुपट्टा तसाच होता, गाठही सुटली नव्हती. त्याच्या वडिलांनी गाडीचे हप्ते पुढे दोन वर्षे फेडले. दर महिन्याला ते बँकेत येत, पैसे भरत आणि काही न बोलता जात. डोके कोणाचे होते, हे मला त्यांच्याकडे पाहून कळले.

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने मोठी गाडी घेतली. मी म्हटले, "बाबू, हेल्मेटही चांगलं घे." तो म्हणाला, "मामा, पोरं हासतात न." मी त्याला रागावलो नाही. त्याला फक्त माझ्या मित्राच्या वडिलांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. आठ दिवसांनी घरी आला तेव्हा गाडीच्या हँडलला एक नव्हे, दोन हेल्मेट होती. दुसरे कोणाचे म्हणून विचारले, तर म्हणाला, "मायचं. तिलेच त दवाखान्यात नेतो मी."

दवाखाना त्यांच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)